बोर्डावरचे दादा

सत्काराच्या शालीला एक वास येतो. नव्या कापडाचा नव्हे, प्लॅस्टिकच्या पिशवीत महिनोन्‌महिने कोंडून पडलेल्या कापडाचा. ती शाल माझ्या खांद्यावर घालणारा माणूस नेहमीच माझ्यापेक्षा बुटका असतो. मग मला वाकावं लागतं, आणि वाकलं की त्याच्या अत्तराचा भपकारा सरळ नाकात शिरतो. एवढ्यात फोटोवाला ओरडतो, "मॅडम, अजून थोडं खाली!" मी गुडघ्यात वाकते. डावा गुडघा आतून करकरतो. समोरचे सगळे हसत असतात, आणि मला मनापासून शिसारी येत असते.

मी बास्केटबॉल खेळून पोट भरलं. हे सांगितलं की लोकांना आधी विश्वास बसत नाही आणि मग ते माझ्या उंचीकडे बघून "हां, बरोबर," म्हणतात. जणू उंची म्हणजे नोकरीचा अर्जच. वर हवा कशी आहे, हे विचारणारा माणूस मला आजवर प्रत्येक गावात भेटलाय, आणि प्रत्येकाला वाटतं की हा विनोद त्यालाच पहिल्यांदा सुचला. पूर्वी मी हसायचे. आता नुसती बघत राहते.

आमचं गाव पनवेलच्या खाडीच्या अंगाला. आईबाप मिठागरावर जायचे. पुढे जमिनी गेल्या, मिठागरं गेली, गावाभोवती टॉवर उभे राहिले आणि माझ्या धाकट्या भावाने डंपर घेतले. पण मी तेरा-चौदा वर्षांची होते तेव्हा घरात मीठच होतं, आणि मी बापापेक्षा उंच झाले होते. नातेवाइकांना फार काळजी. येणारी प्रत्येक बाई मला भिंतीला लावून बघायची आणि आईला म्हणायची, "हिला नवरा कुठशी आननार गो?" आई त्यांना चहा द्यायची.

शाळेतल्या खेळाच्या सरांनी मला पहिल्या दिवशी बाजारात बैल बघावा तसं बघितलं. हात वर कर, उडी मार, पंजा दाखव. शाळेमागे एक गंजकी रिंग होती, जाळी कुणीतरी काढून नेलेली. तिच्याखाली मी खेळायला शिकले. घरी अडचण एकच आली, हाफ पँटची. बापाने जेवणाचं ताट पुढे ढकललं आणि बोलणं बंद केलं. आईने वाद घातला नाही. तिने माझ्या पँटला खालून दुसऱ्या कापडाची पट्टी जोडली, गुडघ्याच्या खाली येईल अशी. निळ्या पँटला हिरवी पट्टी. पहिल्या जिल्हा स्पर्धेत पंचांनी मला बाहेर उभं केलं, कारण गणवेश सगळ्यांचा सारखा हवा. सरांनी बाकावर बसूनच ती पट्टी ब्लेडने उसवली. घरी जाताना मी ती परत टाचून घेतली.

आईने मला कधी खेळताना बघितलं नाही. तिला गाडी लागते. पनवेलच्या बाजारापर्यंत रिक्षाने जातानासुद्धा ती अर्धं लिंबू नाकाला लावून बसते. एसटीचं नुसतं नाव काढलं तरी तिचं तोंड पांढरं पडतं. माझे सामने लांबच्या गावांत, लांबच्या राज्यांत. मी मोबाइलवर दाखवायचे. ती डोळे बारीक करून बघायची आणि विचारायची, "यात तू कुटची गो?" सगळ्या एकाच कपड्यातल्या, मुंग्यांएवढ्या. मी बोट ठेवायचे तोवर मी पडद्याबाहेर गेलेली असायचे. मग ती मोबाइल परत देऊन म्हणायची, "बरा हाय. पडू नको."

खेळातली माणसं कशी असतात हे मला निवड शिबिरात कळलं. वसतिगृहात न्हाणीघराला दार नव्हतं, चादर होती. ती चादर ओली असायची, आणि कशाने ओली हे कुणी विचारायचं नाही. वरणावर दिव्याची पाखरं तरंगायची. आम्ही ती चमच्याने बाजूला करून जेवायचो, कारण तक्रार करणाऱ्या मुलीचं नाव यादीतून जायचं. निवडीच्या दिवशी संघटनेचे पदाधिकारी खुर्च्या टाकून बसायचे, काजू खायचे, आणि त्याच हाताने आमच्या पाठीवर थाप मारायचे. थाप पाठीवरच थांबेल याची खात्री नसायची. एका वर्षी माझ्या जागी कुणाची तरी पुतणी गेली. तिला डाव्या हाताने बॉल मारता येत नव्हता. मला सांगितलं, "तुझं वय आहे अजून."

पुढे एका सरकारी खात्याने मला खेळाडूंच्या जागेवर घेतलं. आपल्याकडे व्यावसायिक खेळाडू म्हणजे हेच. कागदावर कारकून, सकाळी सही, मग मैदान. खात्याच्या संघातून खेळायचं, खात्यासाठी कप आणायचा, आणि तो कप साहेबाच्या केबिनमध्ये ठेवायचा. त्यात ते पेनं ठेवतात. टेबलावरच्या फाइली मला ओळखत नव्हत्या आणि मी त्यांना. सहकारी म्हणायचे, "तुमचं काय बुवा, मजा आहे." त्यांना माझ्या गुडघ्यातली सुई दिसत नव्हती. स्पर्धेच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत डॉक्टर यायचे, कोपऱ्यात पानाची पिंक टाकायचे आणि इंजेक्शन भरायचे. दोन तास गुडघा आपला नसायचा. तिसऱ्या तासाला तो परत यायचा आणि सगळं वसूल करायचा.

मध्ये एक झगमगाटी लीग निघाली. दिवे, धूर, नाचणाऱ्या मुली. संघमालकांनी आम्हाला जर्सी दिली ती आधीच्या कुणाची तरी होती. काखेत घामाने कडक झालेली, न धुतलेली. वर नाव मात्र माझं, नव्याने चिकटवलेलं. मी ती अंगात घातली आणि हसून फोटो काढला. पुढच्या हंगामात लीगही नव्हती आणि मालकही नव्हते. जर्सी माझ्याकडेच राहिली. ती मी फरशी पुसायला घेतली, तर भावाला वाईट वाटलं.

या सगळ्यात एकच गोष्ट होती जिची मला कधी किळस आली नाही. रिंगच्या डाव्या बाजूला, थोडं तिरकं उभं राहून मी बॉल बोर्डाला लावून टाकायचे. बोर्डावर रिंगच्या वर एक चौकोन आखलेला असतो. त्याच्या वरच्या कोपऱ्याला बॉल अलगद लागला की तो आपसूक आत पडतो. हा माझा शॉट. सरळ रिंगमध्ये टाकणं मला कधी धड जमलं नाही, आणि जमवायची गरजही पडली नाही. समोरच्या संघातल्या मुलींना माहीत असायचं मी काय करणार, तरी त्या थांबवू शकत नसत. बोर्डाचा तो 'टप्‌' असा आवाज आला की मी मागे वळून पळायला लागायचे. आत गेला का हे बघायची गरज नसायची. खात्याने मला ठेवलं ते त्या शॉटसाठी. पंधरा-सोळा वर्षं माझं घर त्याच्यावर चाललं.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता पुरे. खेळलात तर जिना चढायला माणूस लागेल. मी घरी येऊन खेळायचे बूट कपाटावर टाकले. तेव्हा भाऊ म्हणाला, "ताय, आपल्या दादांचा वाढदिवस हाय. कलंबोलीच्या ग्राउंडवर चषक ठेवलाय, बास्केटबॉलचा. एक शेवटची मॅच खेल ना. आय पन बगल. रिक्षानं धा मिन्टांवर हाय."

दादा म्हणजे आमच्या भागातले पुढारी. भावाचे डंपर त्यांच्या शब्दावर चालतात. मला दादांबद्दल काही वाटत नव्हतं, चांगलंही नाही, वाईटही नाही. मला फक्त आई दिसली. मोबाइलमध्ये डोळे बारीक करून मला शोधणारी. एकदा, एकदाच तिने मला खेळताना बघावं. मी हो म्हटलं. आमच्या खात्याच्या मुलींना विनवण्या करून आणलं. समोर पनवेलच्या कॉलेजची टीम ठरली. गुडघ्यात शेवटची सुई मी स्वतःच्या पैशाने घेतली.

आईने लग्नात नेसतात ती साडी काढली. केसात अबोलीचा वळेसर. रिक्षात लिंबू नाकाशी धरून ती बसली, आणि कळंबोलीच्या पुलावर ट्रकच्या धुरात एकदा रिक्षा थांबवायला लावली. पण उलटी झाली नाही. ग्राउंडवर पोचल्यावर मला म्हणाली, "कुटं बसू? तू दिसशील असा बसव." मी तिला पहिल्या रांगेत बसवलं.

मग मी कोर्टाकडे बघितलं.

दोन्ही बोर्डांवर दादा होते. मंडपवाल्याने कोर्ट बघितलं, खांबावर दोन काचेचे रिकामे फळे दिसले, आणि त्याला वाटलं की बॅनर लावायला कुणी छान सोय करून ठेवली आहे. त्याने मापं घेऊन फ्लेक्स छापून आणला आणि चारही कोपऱ्यांना सुतळीने आवळून बांधला. एका बोर्डावर दादा हात जोडून. दुसऱ्यावर दादा कानाला मोबाइल लावून, काळा चष्मा, लांब कुठेतरी बघत. खाली शुभेच्छुकांच्या गोल गोल मुंडक्यांची रांग, त्यात माझा भाऊही. जिथे चौकोन असतो, तिथे बरोबर दादांचं नाक आलं होतं.

मी भावाला बाजूला घेतलं. "हे काढायला सांग. मॅच कशी खेळायची?"

"रिंग तर मोकली हाय ना," तो म्हणाला.

"बोर्ड लागतो. बॉल बोर्डाला मारतात."

त्याचा चेहरा उतरला. तो धावत आयोजकांकडे गेला. चौघे-पाचजण जमले. बराच वेळ कुजबुज झाली. सुतळी कापायला कुणी तयार नव्हतं. वाढदिवसाच्या दिवशी दादांचा फोटो उतरवायचा, तोही दादा येण्याच्या तोंडावर? शेवटी सूत्रसंचालक माझ्याकडे आला. पांढरे बूट, हातात माइक. अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, एक छोटीशी रिक्वेस्ट. बॉल डायरेक्ट रिंगमध्ये टाका ना प्लीज. बोर्डाला नको. दादांच्या तोंडाला लागतो, बरं दिसत नाही. पब्लिक आहे, व्हिडिओ निघतात." त्याने हे दोन्ही टीमना सांगितलं. पंचांनाही सांगितलं. पंचांनी मान डोलावली. मी त्या पंचांना वर्षानुवर्षं ओळखते. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताय, माज्यासाटी. आजचा दिस."

दादा यायला उशीर झाला. ते आले, बॅन्जो वाजला, आणि पहिली रांग मान्यवरांसाठी रिकामी करण्यात आली. आईला उठवून मागे नेलं. मग आणखी मागे. माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, 'पनवेलची भूमिकन्या'. मी वाकले. मग उद्घाटन. दादांनी पहिला बॉल टाकायचा. ते रिंगच्या अगदी खाली उभे राहिले आणि बॉल सरळ वर फेकला. तो त्यांच्या खांद्यावर पडला. टाळ्या. दुसरा रिंगच्या खालच्या बाजूला आपटला. टाळ्या. "दादांचा पुढचा प्रयत्न!" माइकवाला ओरडत होता, आणि प्रत्येक वेळी आमच्यातली एक मुलगी धावत जाऊन बॉल आणून त्यांच्या हातात देत होती. राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली मुलगी. दादांना घाम फुटला. रागही आला असावा. शेवटी दोन कार्यकर्त्यांनी त्यांना खांद्यावर उचललं, आणि त्यांनी पानात भात वाढावा तसा बॉल रिंगमध्ये ठेवला. कागदाचे तुकडे उडवणाऱ्या नळ्या फुटल्या. सगळं कोर्ट चकचकीत चिटोऱ्यांनी भरलं. ते झाडायला कुणी नव्हतं. आम्ही पायाने बाजूला सारले.

मॅच सुरू झाली. मी डाव्या बाजूला गेले, माझ्या जागेवर. बॉल आला. हाताने आपला कोन आपसूक धरला आणि समोर दादांचं नाक. मी हात आवरला, सरळ टाकला. रिंगला लागून बाहेर. पुन्हा. पुन्हा बाहेर. कॉलेजच्या मुली तरण्याताठ्या, त्यांचे बॉल लांबून सरळ जात होते. माझा एकही जाईना. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "म्हातारे, घरी जा!" आणि हशा पिकला. मी आईकडे बघितलं. मागच्या रांगेत ती खुर्चीच्या कडेला बसली होती, ओठ घट्ट मिटून, दोन्ही मुठी मांडीवर. माझा बॉल वर गेला की तिची मान वर जायची. बाहेर पडला की मान खाली. मला स्वतःची किळस आली. एवढ्या वर्षांत मी पाखरं पडलेलं वरण खाल्लं, दुसऱ्याच्या घामाची जर्सी घातली, आणि शेवटी आईसमोर एका फ्लेक्सच्या नाकाला जपत होते.

दुसऱ्या सत्रात गुडघा परत यायला लागला. मला कळलं, आता थोडाच वेळ आहे. बॉल डाव्या बाजूला आला. समोरची मुलगी माझ्यावर यायची थांबलीच होती, हिचे जात नाहीत म्हणून. मी उडी मारली आणि टाकला. बरोबर त्या नाकावर. 'टप्‌' आवाज आला नाही. फ्लेक्समुळे 'फट्‌' आवाज आला, कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी तसा. आणि बॉल आत पडला. स्वच्छ.

मी मागे वळून पळाले नाही. मी आईच्या खुर्चीकडे बघितलं.

खुर्ची रिकामी होती.

माइकवाल्याने दादांकडे बघितलं. मग म्हणाला, "वेळेअभावी आपण सामना इथेच थांबवत आहोत. सर्वांनी केक कापण्यासाठी मंचाकडे यावं." पंचांनी शिट्टी वाजवली. आमच्या टीमच्या मुली माझ्याकडे बघत राहिल्या. भाऊ मंचावर दादांसमोर हात जोडून उभा होता, काहीतरी सांगत होता. दादा हसत त्याच्या पाठीवर थाप मारत होते. मी लंगडत गर्दीतून आईला शोधायला निघाले.

ती मंडपाच्या मागच्या बाजूला होती. तिथे बायकांना स्टीलचे डबे वाटत होते, दादांचं नाव कोरलेले. मागच्या रांगांमधल्या सगळ्या बायकांना कार्यकर्त्यांनी उठवून रांगेत उभं केलं होतं. आई रांगेतून बाहेर पडत होती, डबा छातीशी धरून. मला बघून म्हणाली, "मी नको बोलले, तर ऐकत नवते. खुर्च्या पायजे होत्या त्यांना." मग तिने माझ्या पायाकडे बघितलं. "लागला काय?"

रिक्षात तिने लिंबू मला दिलं, तुला पायजे काय म्हणून. माझं तोंड तसं दिसत असावं.

घरी आल्यावर तिने डबा फळीवर ठेवला, सुकट गरम करायला घातलं आणि तेलाची वाटी घेऊन माझ्यापुढे बसली. गुडघा सुजून टम्म झाला होता. ती हळूहळू चोळत होती. मग म्हणाली, "एक इचारू? रागवशील."

"इचार."

"तुजा एक पन नाय गेला गो आत."

मी म्हटलं, "गेला आये. एक गेला. तू रांगेत होतीस तवा."

"हां," ती लगेच म्हणाली. "गेला असंल. गेलाच असंल." लहानपणी मी नापास झाल्यावर ती ज्या आवाजात बोलायची, तोच आवाज. तिने आणखी थोडं तेल घेतलं. "वाईट नको वाटून घेऊ. कोनाला जमतं, कोनाला नाय. आनी बग, तुला जमत नवता तरी त्या लोकांनी एवडी वर्सं सांबालून घेतली. कामावरशी काडली नाय. चांगली मानसं हायेत गो ती."

मला सगळं सांगायचं होतं. न्हाणीघराची चादर, पाठीवरची थाप, गुडघ्यातली सुई, बोर्ड म्हणजे काय आणि तो कशासाठी असतो. तोंडही उघडलं. पण जन्मभर ज्या लोकांची मला शिसारी आली, त्यांच्या उपकारांनी माझ्या आईचे डोळे भरून आले होते. ती माझा गुडघा चोळत राहिली, आणि मी तिला चोळू दिला.